लिमाला जाऊन मिराफ्लोरेसमध्ये झोपू नका

पेरूला जायचं ठरवा आणि कुणालाही विचारा, लिमात राहायचं कुठे? उत्तर एकच येईल: मिराफ्लोरेस. ट्रॅव्हल व्लॉगर तेच सांगतो, टूर कंपनीतल्या मॅडम तेच सांगतात, आधी जाऊन आलेला ऑफिसातला मित्र तेच सांगतो. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. "सेंट्रोला दिवसा जाऊन या, अर्धा दिवस पुरतो. पण अंधार पडायच्या आत परत फिरा. तिथे राहायचं-बिहायचं नाही."

माझं म्हणणं बरोबर उलट आहे. लिमात दोन रात्री असतील तर दोन्ही सेंट्रोत काढा. म्हणजे जुन्या शहराच्या मध्यात, प्लासा सान मार्तिनवर किंवा तिच्या आसपासच्या एखाद्या जुन्या हॉटेलात. आणि मिराफ्लोरेसला दिवसा जाऊन या. अर्धा दिवस पुरतो.

मिराफ्लोरेस वाईट आहे असं मी म्हणत नाही. कड्याखाली पॅसिफिक महासागर आहे, वर पॅराग्लायडर तरंगत असतात, कड्यातच कोरून बसवलेला लार्कोमार नावाचा मॉल आहे. इंकांच्याही आधीच्या लोकांनी मातीच्या विटांनी बांधलेलं वाका पुक्याना हे ठिकाण तिथेच आहे आणि ते पाहायलाच हवं. पण रात्रीचं जेवण, कॉफी, सकाळचा फेरफटका आणि झोप हे सगळं तिथेच उरकलंत, तर तुम्ही लिमाच्या त्या भागात राहून आलात जो लिमापासून लांब राहण्यासाठीच वाढवला गेला. हे मी रागाने म्हणत नाही, तो इतिहास आहे. आणि तो ज्या हॉटेलात राहू नका असं आपल्याला सांगतात, त्या हॉटेलापासूनच सुरू होतो.

एक हॉटेल आणि एक रस्ता

९ डिसेंबर १८२४ ला आयाकुचोच्या लढाईत स्पेनची दक्षिण अमेरिकेवरची सत्ता संपल्यात जमा झाली. त्या लढाईच्या शताब्दीला देशोदेशीचे पाहुणे लिमात येणार होते आणि त्यांना उतरवायला त्या तोडीचं हॉटेल हवं होतं. म्हणून १९२४ च्या डिसेंबरात प्लासा सान मार्तिनवर ग्रान ओतेल बोलिव्हार उभं राहिलं. वास्तुरचनाकार राफाएल मार्किना. पांढरी भव्य इमारत, आत गोल दालन आणि त्यावर रंगीत काचांचा घुमट. समोरचा चौक तीनच वर्षांपूर्वी, १९२१ मध्ये, स्वातंत्र्याच्या शताब्दीसाठी खुला झाला होता.

हा सगळा थाट राष्ट्राध्यक्ष आउगुस्तो लेगियाचा. १९१९ ते १९३० अशी अकरा वर्षं तो सत्तेवर होता. त्याच्या सरकारने १९२० मध्ये रस्ते बांधण्यासाठी एक कायदा केला. त्या कायद्याने पुरुषांना वर्षातले ठरावीक दिवस रस्त्यांच्या कामावर फुकट राबणं सक्तीचं झालं. पैसे भरले की सुटका. पैसे कोणाकडे नव्हते? आंदेस पर्वतातल्या मूलनिवासी शेतकऱ्यांकडे. त्यामुळे राबले तेच. आपल्याकडे याला एक जुना, नेमका शब्द आहे: वेठ. इकडे स्वातंत्र्याच्या शताब्दीचे पेले उंचावले जात होते आणि तिकडे डोंगरात वेठबिगारी चालू होती. त्याच शताब्दी सोहळ्यात अर्जेंटिनाचा मोठा कवी लिओपोल्दो लुगोनेस याने लिमात भाषण केलं आणि आता तलवारीची वेळ आली आहे, असं म्हणत लष्करी राजवटीची भलामण केली. पुढच्या दशकांत दक्षिण अमेरिकेत जे घडलं, ते पाहता ही भलामण पोकळ ठरली नाही.

हे सांगायचं कारण असं की जुन्या हॉटेलांची बाजू घेणारे लोक बहुतेक वेळा घुमट, झुंबरं आणि इथे कोण कोण उतरून गेलं याची यादी पुढे करतात. त्या वैभवासाठी मी भांडत नाहीये. ते वैभव कोणाच्या पाठीवर उभं होतं हे वर लिहिलंच आहे.

पण लेगियाच्या सरकारने आणखी एक गोष्ट बांधली. सेंट्रोतून थेट दक्षिणेला, समुद्राच्या दिशेने, मिराफ्लोरेसपर्यंत जाणारा रुंद, झाडांचा रस्ता. त्याला नाव अर्थातच आवेनिदा लेगिया. १९३० मध्ये आरेकिपा शहरातून उठाव झाला, लेगिया गेला आणि रस्त्याचं नाव आवेनिदा आरेकिपा झालं. रस्त्याने मात्र आपलं काम चोख केलं. ज्यांना परवडत होतं त्यांनी जुने वाडे सोडले आणि त्या रस्त्याने सान इसिद्रोला, मिराफ्लोरेसला बंगले बांधले. शहराच्या मध्यात हॉटेल उभारणारा आणि तो मध्य रिकामा करणारा रस्ता काढणारा माणूस एकच होता.

मग आले ते कोण?

वाडे फार काळ रिकामे राहिले नाहीत. १९४० च्या जनगणनेत लिमाची वस्ती सहा-साडेसहा लाखांच्या घरात होती. आज ती एक कोटीच्या आसपास आहे. मधल्या काळात डोंगरातून माणसं येत राहिली. आधी जमीन पुरेना म्हणून, नंतर जीव वाचवायला. १९८० पासून वीस वर्षं 'सेंदेरो लुमिनोसो'चे बंडखोर आणि सरकारी फौजा यांच्या कात्रीत गावंच्या गावं सापडली. पेरूच्या सत्य आयोगाच्या अंदाजानुसार त्यात सुमारे ६९ हजार माणसं मेली किंवा गायब झाली, आणि दर चारांपैकी तीन जणांची मातृभाषा स्पॅनिश नव्हती, केचुआसारखी मूलनिवासी भाषा होती.

ही माणसं लिमात आली, शहराच्या कडेच्या उजाड वाळवंटी टेकड्यांवर झोपड्या घातल्या, सेंट्रोतल्या वाड्यांच्या एकेका खोलीत एकेक कुटुंब राहिलं आणि सेंट्रोच्या फुटपाथवर विकायला बसली. 'सेंट्रो बिघडला' हे वाक्य या काळात रूढ झालं. बिघडला म्हणजे काय झालं? गर्दी झाली, घाण झाली, चोऱ्या वाढल्या, हे खरंच आहे. पण एक गोष्ट आणखी झाली. पहिल्यांदाच राजधानीच्या मध्यात त्या देशातली बहुसंख्य माणसं दिसायला लागली. ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच बाडबिस्तरा आवरला होता, तेच 'आमची लिमा गेली' म्हणून उसासे टाकू लागले.

सेबास्तियान सालासार बोंदी या लिमाच्याच लेखकाने १९६४ मध्ये या उसाशांवर 'लिमा ला ऑरिब्ले' म्हणजे 'भयंकर लिमा' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा साधा होता. व्हाइसरॉयच्या काळातली सुगंधी, सुसंस्कृत लिमा ही एक रचलेली गोष्ट आहे आणि ती आजच्या अन्यायाकडे डोळेझाक करायला उपयोगी पडते. साठ वर्षं झाली, पण मुद्दा शिळा झालेला नाही. आज तीच गोष्ट आपल्याला 'हेरिटेज वॉक' म्हणून तिकीट लावून विकली जाते. दिवसाउजेडी लाकडी गच्च्या बघा, फोटो काढा आणि त्या गच्च्यांमागे आज कोण राहतं ते कळायच्या आत बसमध्ये बसा.

धोका कोणाला?

आता धोक्याबद्दल बोलू, कारण सगळा वाद तिथेच अडतो.

सेंट्रोत पाकीटमार आहेत. फोन हिसकावणारे आहेत. रात्री उशिरा काही गल्ल्यांत एकट्याने चालू नये. एकटी फिरणारी मुलगी असाल तर जास्त सावध राहावं लागतं, आणि त्या सावधपणाला भित्रेपणा म्हणणाऱ्याला मी उभं करणार नाही. रस्त्यावरची टॅक्सी थांबवण्याऐवजी हॉटेलातून किंवा अ‍ॅपवरून मागवावी. हे सगळं मान्य.

पण 'लिमा धोकादायक आहे' या वाक्यात नेमका कोणाचा जीव मोजलेला असतो, ते बघा. गेली काही वर्षं लिमात खंडणीखोरांनी थैमान घातलंय. सरकारने त्यापायी शहरात पुन्हा पुन्हा आणीबाणी जाहीर केली. गोळ्या कोणावर चालतात? बसच्या ड्रायव्हरांवर. छोट्या दुकानदारांवर. शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये, जिथे पर्यटक कधीच जात नाही. बसवाल्यांनी 'आम्हाला मारू नका' म्हणून संप केले. त्या लिमात पर्यटकाचा धोका म्हणजे बहुतेक वेळा फोन जाणं. फोन जाणं वाईटच, पण त्यावरून अख्ख्या शहराचा नकाशा हिरवा-लाल रंगवायचा आणि लाल भागात राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्नसुद्धा विचारायचा नाही, याला सावधगिरी म्हणत नाहीत.

हा नकाशा पैशांचा आहे, आपण त्याला सुरक्षिततेचा समजतो. आणि हे आपल्याला कळायला जड जाऊ नये, कारण आपल्याबद्दलही असेच नकाशे निघतात. भारतात येणाऱ्या परदेशी माणसाला सल्ला मिळतो: लोकलमध्ये चढू नका, रस्त्यावरचं खाऊ नका, बाजारात जाऊ नका, गाडी-ड्रायव्हर घ्या. तो आठ दिवस हॉटेलच्या काचेतून मुंबई बघतो आणि घरी जाऊन मुंबईबद्दल बोलतो. त्याचा व्हिडिओ बघून आपल्या तळपायाची आग मस्तकात जाते. खाली कमेंट टाकतो, "अरे, तू मुंबई पाहिलीसच कुठे?" मग विमानात बसून दुसऱ्या खंडात गेलो की आपण हुबेहूब तोच माणूस होतो.

दिवसा न दिसणारं शहर

कोणी म्हणेल, दिवसा तर आम्ही सेंट्रो बघतोच. कॅथेड्रल बघतो, सान फ्रान्सिस्कोच्या मठाखालची हाडं बघतो. झोपायला कुठे गेलो याने काय बिघडतं?

बिघडतं, कारण दिवसाचा सेंट्रो अर्धाच असतो. प्लासा सान मार्तिनमध्ये संध्याकाळी माणसं घोळका करून वाद घालतात. कुणी बोलायला लागतो, दहा जण थांबतात, अकरावा त्याला खोडून काढतो. विषय राजकारण, धर्म, काहीही. ना स्टेज, ना माइक, ना परवानगी. स्पॅनिश येत नसलं तरी पाच मिनिटं उभं राहून आवाजांचे चढ-उतार ऐका. फोनवर दिवसभर भांडणाऱ्या आपल्यासारख्यांना समोरासमोर उभं राहून, न मारता, तास-तासभर वाद घालणारी माणसं बघणं चांगलं.

चौकाच्या मधोमध सेनापती सान मार्तिनचा घोड्यावरचा पुतळा आहे, स्पॅनिश शिल्पकार मारिआनो बेनलिउरेने केलेला. त्याच्या पायथ्याशी मातृभूमीची मूर्ती आहे आणि तिच्या डोक्यावर चक्क एक छोटा यामा प्राणी उभा आहे. स्पॅनिशमध्ये 'यामा' म्हणजे ज्वाला आणि 'यामा' म्हणजे तो लांब मानेचा प्राणीही. लिमाचे लोक सांगतात की डोक्यावर ज्वालांचा मुकुट मागवला होता आणि आला हा. खरं-खोटं काहीही असो, देशमातेच्या डोक्यावर चुकून बसलेला प्राणी शंभर वर्षांत कोणी उतरवला नाही, यात लिमाचा स्वभाव कळतो.

सकाळी लवकर उठलात तर एमोलिएन्तेच्या गाड्या दिसतील. सातू, जवस आणि वनस्पती उकळून केलेलं हे गरम, थोडं बुळबुळीत पेय कामावर निघालेली माणसं उभ्या-उभ्या पितात. थंडीच्या महिन्यांत लिमावर आठवडेच्या आठवडे करडं आभाळ असतं. तिथले लोक त्याला 'गाढवाचं पोट' म्हणतात. त्या आभाळाखाली, बारीक भुरभुरीत, बूट पॉलिश करणारे, लॉटरीवाले, कारकून, शाळेची मुलं अशी वर्दळ सुरू होते. हॉटेलच्या पायऱ्या उतरलात की तुम्ही त्यात असता. मिराफ्लोरेसहून दहा वाजता टूरच्या बसने येणाऱ्याला हे मिळत नाही. तोपर्यंत शहर कामाला लागलेलं असतं आणि तो प्रेक्षक झालेला असतो.

आणि हाच चौक देश पेटतो तेव्हा भरतो. २०२० च्या नोव्हेंबरात संसदेने राष्ट्राध्यक्षाला काढून दुसरा बसवला, तेव्हा तुमच्या-आमच्या वयाची हजारो मुलं इथे जमली. १४ नोव्हेंबरच्या रात्री सेंट्रोत पोलिसांच्या माऱ्यात दोन तरुण मेले आणि दुसऱ्या दिवशी नव्या राष्ट्राध्यक्षाने राजीनामा दिला. आठवडासुद्धा पुरा झाला नव्हता. २०२२ च्या डिसेंबरापासून पुन्हा आंदोलनं झाली, दक्षिणेकडच्या डोंगरी भागांत जवळपास पन्नास नागरिकांचा जीव गेला आणि तिथली माणसं बसमध्ये बसून राजधानीत आली. १९ जानेवारी २०२३ ला, ते मोर्चे चालू असताना, रात्री चौकाजवळचा एक जुना वाडा जळून खाक झाला. अशा वेळी पर्यटकाने मोर्चात घुसावं असं मी म्हणत नाही, मुळीच घुसू नये. पण या चौकात एक रात्र काढलेल्या माणसाला पुढच्या वेळी पेरूची बातमी वाचताना ती जागा ओळखीची वाटेल. ज्याने फक्त कडा आणि समुद्र पाहिला, त्याला ती कुठल्या तरी देशातल्या दंगलीची बातमी वाटेल.

हॉटेल गेलं की काय जातं

शहराच्या मध्यातलं जुनं हॉटेल ही निव्वळ खोल्यांची इमारत नसते. तिथे शहराबाहेरचा माणूस रात्री राहू शकतो आणि शहरातला माणूस खोली न घेताही आत येऊन बसू शकतो. लिमाचं प्रसिद्ध पिस्को सावर हे पेय व्हिक्टर मॉरिस नावाच्या अमेरिकन माणसाच्या बारशी जोडलं जातं. तो बार जवळच खिरोन दे ला उनिऑनच्या रस्त्यावर होता. १९२९ मध्ये तो बंद पडला आणि तिथले बारमन सेंट्रोतल्या हॉटेलांमध्ये कामाला लागले. पेय टिकलं ते या हॉटेलांच्या बारमध्ये. कामगाराचं कसब असं एका दारातून दुसऱ्या दारात जातं, आणि त्यासाठी दारं जवळजवळ असावी लागतात.

दारं बंद झाली की काय होतं, हे इतर राजधान्यांत बघता येतं. चिलीत सांतियागोचं ओतेल कारेरा राष्ट्राध्यक्षांच्या ला मोनेदा राजवाड्याजवळच होतं. ११ सप्टेंबर १९७३ ला त्या राजवाड्यावर विमानांनी बॉम्ब टाकले ते पत्रकारांनी तिथून पाहिलं. आज ती इमारत परराष्ट्र मंत्रालयाची आहे. ब्वेनोस आइरेसच्या आवेनिदा दे मायोवरचं कास्तेलार, जिथे १९३३ मध्ये कवी लोर्का उतरला आणि कित्येक महिने राहिला, ते २०२० च्या साथीत बंद पडलं. आणि लांब कशाला, मुंबईत काळा घोड्याला आपलं वॉटसन्स आहे. ७ जुलै १८९६ ला भारतातला पहिला सिनेमा दाखवला गेला तो तिथे. आज त्या इमारतीखालून जाताना माणसं वर बघत बघत जातात, काही पडत तर नाही ना म्हणून.

जुन्या हॉटेलांविरुद्धच्या तक्रारी मला ठाऊक आहेत. लिफ्ट हळू, पाइप जुने, खिडकीतून आवाज येतो, वायफाय मधूनच जातं. या तक्रारी खोट्या नाहीत. पण एक चक्र समजून घ्या. सगळे म्हणतात राहू नका, म्हणून कोणी राहत नाही. कोणी राहत नाही म्हणून पैसा येत नाही, पैसा नाही म्हणून पाइप बदलत नाहीत. पाइप बदलत नाहीत म्हणून रिव्ह्यू वाईट येतात आणि मग सगळे म्हणतात, बघा, म्हटलं नव्हतं? रात्री हॉटेलात माणसं नसली की खालचं खानावळीचं दुकान आठला शटर ओढतं. शटरं ओढली की रस्ता अंधारतो आणि अंधारलेला रस्ता खरोखरच धोक्याचा होतो. 'सेंट्रोत राहू नका' हा सल्ला स्वतःलाच खरा करत नेतो. तुमची एक खोली, दोन रात्रींसाठी, या चक्रात फार मोठी गोष्ट नाही. पण मिराफ्लोरेसच्या हजाराव्या अपार्टमेंटला तुमची गरज शून्य आहे.

तेव्हा बुकिंगचं अ‍ॅप उघडलंत की नकाशा बोटाने आठेक किलोमीटर वर सरकवा. चौकाकडे तोंड असलेली खोली मागा आणि कानात घालायला कापूस न्या. फोन खिशात ठेवा, हातात नाचवू नका, दादरला गर्दीत ठेवता तसाच. रिसेप्शनवरच्या माणसाला विचारा की रात्री कुठल्या बाजूला जायचं आणि कुठल्या बाजूला नाही. कोणत्याही व्लॉगरपेक्षा ते त्याला जास्त माहीत आहे, कारण तो रोज रात्री त्याच रस्त्याने घरी जातो. समुद्र बघायचा असेल तर जवळच्या एस्तासिऑन सेंत्राल स्टेशनवरून मेत्रोपोलितानोची बस मिराफ्लोरेसला जाते. लिमाच्या नोकरदारांबरोबर उभ्याने जा, कड्यावर बसून सूर्यास्त बघा, आणि अंधार पडला की परत फिरा. लिमाला.